गेम अडकायलंय, काका!

गेल्या उन्हाळ्यात सौंदलग्याचा एक पोरगा मोटरसायकलच्या टाकीवर कॅबिनेट आडवं टाकून माझ्या दुकानात आला. मागं बसलेल्या मित्रानं मॉनिटर गोधडीत गुंडाळून पोटाशी धरला होता. कॅबिनेट टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाला, "काका, गेम अडकायलंय. ग्राफिक कार्ड बदलून द्या."

निपाणीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवताना हे रोजचंच. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही, निकाल घेऊन येतं. कुणाला रॅम वाढवून हवी असते, कुणाला फॉरमॅट मारून, आणि गेमवाल्या पोरांना कार्ड. मी त्याला एवढंच विचारलं, "कधी अडकतं?"

"सुरुवातीला वीस मिनिटं झकास चालतंय. मग जे सुरू होतंय ना, अजिबात खेळू देत नाही. बंद करून जेवून आलं की परत झकास."

निम्मं काम या उत्तरानंच झालं. कार्डाची ताकद कमी असती तर गेम पहिल्या मिनिटापासून अडकला असता. जेवून आल्यावर सुधारणारा आजार बहुधा उष्णतेचा असतो. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे, म्हणून आधी मोजायचं.

मशीन वाईट नव्हतं. इंटेलचा आय-५ १०४००एफ प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. जीटीए फाइव्ह हा २०१५ साली संगणकावर आलेला गेम या मशीनला जड जायचं कारणच नाही. आफ्टरबर्नर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते गेम चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं: कार्ड किती टक्के राबतंय, प्रोसेसर किती तापलाय, किती वेगानं चाललाय. मग पोराला म्हटलं, खेळ. मी चहा मागवला.

सुरुवातीला प्रोसेसर ४.० गिगाहर्ट्झवर, तापमान ऐंशीच्या आसपास, कार्ड ९८ टक्के कामात. म्हणजे ठाकठीक. पुढं पारा चढत गेला. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथं टेकला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आमच्या डोळ्यांदेखत ४.० चे ३.१ झाले, मग २.४. त्याच वेळी कार्डाचा आकडा ९८ वरून ५५ वर घसरला, आणि पोरगा ओरडला, "हे बघा, हे बघा, आता!"

जे कार्ड बदलायला तो आला होता, ते निम्मा वेळ हातावर हात ठेवून बसलं होतं. प्रोसेसरकडून कामच येत नव्हतं, तर कार्ड करणार काय?

बाजूची पाटी उघडली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्या दिसेचनात. पंखा आणि पात्यांच्या मध्ये तपकिरी रंगाचा, घोंगडीसारखा जाड थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खी चकती निघून आली. साध्या घरातली धूळ राखाडी असते, ब्लोअर मारला की उडून जाते. ही चिकट होती, आणि नाकाशी नेल्याबरोबर मला ठसका लागला. तंबाखू.

"घरात कुणी वखारीत कामाला आहे का रे?"

"बाबा आहेत."

"आणि मशीन कुठं ठेवतोस?"

जमिनीवर, खुंटीखाली. बाबा कामावरून आले की शर्ट त्याच खुंटीवर अडकवायचे. शर्टातून झडलेली भुकटी खाली कॅबिनेटचा पंखा दिवसरात्र ओढून घेत होता.

निपाणीत राहून तंबाखूची तक्रार करण्यात अर्थ नाही. हे गावच विडीच्या तंबाखूवर उभं राहिलं. या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी इथं महामार्गावर येऊन बसले, आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे जीव गेले. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या गटानं १९८२ मध्ये माहितीपट केला. तीच भुकटी त्या बायकांच्या छातीत गेली. माझ्या टेबलावर ती फक्त पंख्यात सापडते, एवढाच फरक.

साफसफाईची एक गोष्ट घरी करणाऱ्यांसाठी सांगतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं पंखा भलत्या वेगानं गरगरला की त्याचं बेअरिंग जातं. मी पंखा उतरवला, प्रोसेसर आणि पात्यांच्या मधली, वाळून खडखडीत झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसून काढली, नवी हरभऱ्याएवढी लावली. इंटेलच्या या पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात, ते समोरासमोरचे दाबून बसवायचे. याचा एक पाय आधीच अर्धवट निसटलेला होता, म्हणजे पंखा प्रोसेसरवर तिरका टेकत होता. दुखणं एक नव्हतं, दोन होती. पुन्हा गेम लावला. अर्धा तास झाला तरी तापमान ७२, वेग ४.० वरून हलला नाही. कार्डासाठी आणलेले पैसे पोरानं परत खिशात घातले. मला मात्र धंदा बुडाल्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला!

सगळी मशिनं अशी वीस मिनिटांत कबुली देत नाहीत. काही पोरं येतात ती आकडे घेऊनच. "काका, ऐंशी एफपीएस मिळायलंय, तरी अडकतंय. कसं काय?" एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं. ऐंशी म्हणजे उत्तम. पण ही सरासरी असते, आणि सरासरी कशी फसवते ते आमच्याकडं साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कुणालाही कळतं. कोल्हापूरहून गाडी निघते, कागलपर्यंत भन्नाट येते, कोगनोळीचा टोलनाका ओलांडते, आणि मग आतल्या रस्त्याला लागल्यावर पुढं उसाची डबल ट्रॉली. घरी पोचल्यावर हिशेब केला तर सरासरी वेग चांगलाच भरतो. पण तुमच्या लक्षात राहते ती ट्रॉली.

गेममध्येही तसंच. सेकंदाला साठ चित्रं यायची तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. एकोणसाठ चित्रं भराभर आली आणि एकच चित्र २०० मिलिसेकंद रखडलं, तर सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. डोळ्याला मात्र धक्का बसतो. हार्डवेअर तपासणारी मंडळीसुद्धा कित्येक वर्षं मुख्यतः सरासरीच छापत होती. २०११ साली टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसननं एका सेकंदाच्या आत काय घडतं ते मोजायला हवं असं लिहून प्रत्येक चित्राचा वेळ मांडून दाखवला, आणि तिथून मोजायची रीतच बदलली. आता आफ्टरबर्नरमध्येही फ्रेमटाइमची रेघ दिसते. रेघ सपाट असेल तर चाळीस एफपीएससुद्धा गोड लागतात. रेघेला काटे फुटले असतील तर ते काटे कधी फुटतात ते बघायचं.

नव्या भागात शिरताना काटा आला तर बहुधा डिस्कचा दोष: गेम जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर आहे किंवा एसएसडी गळ्यापर्यंत भरली आहे. पहिल्यांदाच एखादा स्फोट, एखादी जादू दिसताना अडकलं आणि दुसऱ्या वेळी अडकलं नाही, तर तो शेडरचा मामला. त्या दृश्याची कृती कार्डासाठी त्याच क्षणी तयार होत असते. त्याला इलाज कमी, धीर जास्त. चित्रांचा दर्जा वाढवल्यावरच काटे येत असतील तर कार्डाची स्वतःची मेमरी संपते आहे. चार जीबीच्या कार्डावर टेक्स्चर 'अल्ट्रा' ठेवायचा हट्ट सोडला की निम्मी मशिनं बरी होतात.

दोष प्रोसेसरकडं की कार्डाकडं, हा सगळ्यात जास्त वादाचा विषय. इथं मी पोरांना तवंदी घाट आठवायला सांगतो. निपाणीहून बेळगावकडं निघालं की स्तवनिधीजवळ चढ लागतो. पुढं लोडचा ट्रक रांगत असेल आणि बाजूनं काढायला वाट नसेल, तर मागं तुमची गाडी कितीही भारी असो, वेग त्या ट्रकचाच. मशीनमध्ये तो ट्रक कोण आहे ते शोधायची युक्ती साधी आहे. गेमचं रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. त्यानं कार्डाचं ओझं पुष्कळ कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस उसळले तर अडवणारं कार्ड होतं. तसूभरही हलले नाहीत तर पुढं प्रोसेसर रांगतोय, किंवा रॅम. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटांत होते, तरी पोरं ही न करताच कोल्हापूरला जाऊन कार्ड घेऊन येतात. मग नवं कार्ड जुन्याच ट्रकच्या मागं उभं राहतं.

रॅमचा घोटाळा मला फार वेळा दिसतो. सोळा जीबीची एकच पट्टी लावलेली असते. आठ-आठच्या दोन असत्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळाला असता. दोन आहेत तर शेजारशेजारच्या खाचांत खोचलेल्या. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी वापरायची. तेही बरोबर असेल तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ वर किंवा २४०० वर चाललेली असते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायचं कुणी सांगितलेलंच नसतं. मॉनिटरचंही तसंच. १४४ हर्ट्झचा मॉनिटर हौसेनं घेतलेला, विंडोजमध्ये सेटिंग ६० वरच. वर्षभर तसाच वापरलेला! आणि मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडून आणणारेही भेटतात. प्रोसेसरमध्येच छोटं ग्राफिक असेल तर चित्र दिसतं, त्यामुळं संशय येत नाही. पंचवीस हजारांचं कार्ड आत नुसतं शोभेला.

संध्याकाळची तक्रार मात्र आमच्या भागाची खास. गळतग्याकडच्या एकाचं मशीन दिवसा व्यवस्थित चालायचं आणि रात्री आठनंतर भर लढाईत धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. त्यानं दोनदा विंडोज मारून घेतली होती. मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद ओळीनं. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता वीज गेल्यासारखं पडलं. का पडलं, ते आपणच शोधायचं. त्याच्या घरी मल्टिमीटर घेऊन गेलो. उसाला पाणी सोडायचे दिवस, सगळ्या शिवारात मोटारी चालू. २३० व्होल्ट हवेत तिथं १८० च्या खालीच. कॅबिनेटमध्ये ७०० वॉट लिहिलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावून नेतो. हा एवढ्या कमी दाबावर, कार्ड भुकेनं पेटलेलं असताना, हात वर करायचा. एसएमपीएस बदलला, गेम बंद पडायचा थांबला. दाब अजून तसाच आहे.

फुकटात पेनड्राइव्हवरून आलेले गेमही बघावे लागतात. काहीच चालू नसताना पंखे घोंघावतात, आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत! आत कुणाची तरी क्रिप्टो नाण्यांची खाण चाललेली असते, आणि टास्क मॅनेजर उघडला की दडायची अक्कल तिला असते. अशा वेळी मात्र मीच म्हणतो, फॉरमॅट मार.

आणि सगळ्यात शेवटी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला नेटला लागणारा वेळ. ऑनलाइन खेळात समोरचा गडी उड्या मारत दिसतो, आपली गोळी लागूनही लागत नाही, तरी एफपीएसचा आकडा ढिम्म हलत नाही. मशीनचा यात काडीचा संबंध नाही. वायफाय सोडून केबल लावून बघ म्हणायचं. देवचंद कॉलेजच्या बाजूची पोरं यावरही भांडतात. कॉलेज नकाशात महाराष्ट्रात, गाव कर्नाटकात, म्हणून नेट कुणाचं चांगलं यावर पैजा लागतात. सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला, हे आधी गेमच्या सेटिंगमध्ये बघा म्हटलं की गप्प होतात.

सौंदलग्याच्या पोराचं कॅबिनेट आता खुंटीपासून लांब, एका स्टुलावर आहे. दसऱ्याच्या आधी त्याचे बाबा माझे राहिलेले पैसे द्यायला आले. कामावरून थेट आले होते. मी या म्हटलं, तरी पायरीवरच थांबले, दोन्ही हातांनी शर्ट झटकला आणि तिथूनच हात लांब करून पैसे पुढं केले.

"आत नको," म्हणाले, "तुमची मशिनं उघडी पडल्यात."