होडी चुळा का भरते?

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये कधी बसलात, तर एक गंमत बघा. इंजिन धडधडायला लागलं, की लाँचच्या कुशीतल्या एका भोकातून पाणी बाहेर पडतं. भुळ्ळ... भुळ्ळ... सकाळी दात घासून आपण मोरीत चूळ टाकतो ना, अगदी तसं! रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारीच्या बोटीही अशाच चुळा भरताना दिसतात.

“आत पाणी शिरलं असेल, ते उपसतायत,” असं कुणी म्हणेल. तसंही कधी कधी उपसतात. पण ही चूळ वेगळी. ही थेट इंजिनाच्या पोटातून येते.

हे इंजिन कुठलं, माहितीये? खूपदा ते ट्रकच्या इंजिनाचं सख्खं भावंड असतं. अशोक लेलँड हे नाव तुम्ही ट्रकच्या, एसटीच्या तोंडावर वाचलं असेल. हीच कंपनी बोटींसाठीही इंजिनं बनवते. मग काय, ट्रकचं इंजिन उचललं, होडीत ठेवलं, मागे पंखा लावला, की झालं काम? छे! एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

सगळ्यात पहिली अडचण म्हणजे उकाडा. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेतला मोठा वाटा गाडी पळवायला लागतच नाही, तो नुसता तापवायचं काम करतो. गाडीत पुढच्या जाळीमागे रेडिएटर असतो. गाडी पळते, वारा लागतो, रेडिएटरमधलं पाणी गार होतं. होडीचं इंजिन मात्र पोटात, फळ्यांखाली कोंडलेलं. तिथे कुठला आलाय वारा?

“पण भोवती समुद्र आहे की! तेच पाणी आत फिरवा.” शाब्बास, बरोबर दिशेने निघालात. पण एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते इंजिनात खेळवलं, तर आत क्षार साचणार, लोखंड गंजणार. मग गार तर करायचं, पण खारं पाणी इंजिनाला लावायचं नाही. कसं?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. दूध लवकर निवायला हवं असेल, तर आई परातीत पाणी घेते आणि त्यात दुधाचं पातेलं ठेवते. दूध पाण्यात मिसळत नाही, पण त्याची उष्णता पातेल्याच्या पत्र्यातून पाण्यात जाते. बोटीच्या इंजिनाजवळही असंच एक ‘पातेलं’ असतं. ती असते नळ्यांनी भरलेली एक पेटी. नळ्यांच्या एका बाजूने इंजिनातलं गोडं पाणी फिरतं, दुसऱ्या बाजूने पंपाने ओढलेलं समुद्राचं पाणी. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. गोडं पाणी पुन्हा इंजिनात, आणि कोमट झालेलं खारं पाणी बाहेर. भुळ्ळ! तीच ती चूळ.

म्हणून बोटीवरच्या माणसांचं या धारेकडे लक्ष असतं. धार बारीक झाली, की समजायचं, काहीतरी अडकलंय. अन् बरेचदा काय अडकलेलं असतं? किनाऱ्यावर कुणीतरी टाकलेली प्लास्टिकची पिशवी! पाणी ओढायच्या तोंडाशी ती जाऊन चिकटते आणि एवढं दणकट इंजिन तापून बंद पडायची वेळ येते.

दुसरी अडचण पंख्याची. हो, प्रोपेलरला बोटीवर सरळ ‘पंखा’च म्हणतात. एक प्रयोग करा. हात हवेत जोरात फिरवा. आता तोच हात पाण्याने भरलेल्या बादलीत फिरवून बघा. जड जातं ना? पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं. इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या सहज मारतं, पण मोठा पंखा तेवढ्या वेगाने फिरवला, तर तो पाणी नीट ढकलतच नाही, नुसते बुडबुडे काढतो. म्हणून मध्ये गिअरबॉक्स बसवतात. इंजिनाच्या तीन फेऱ्या झाल्या, की पंख्याची एक, असा काहीसा हिशोब. गाडीसारखे पाच-सहा गिअर इथे नसतात. पुढे, मागे आणि मोकळं, बस्स!

आणि ब्रेक? होडीला ब्रेकच नसतो! धक्का जवळ आला, की पंखा उलटा फिरवायचा. तोच तिचा ब्रेक.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. सपाट रस्त्यावर गाडीने एकदा वेग घेतला, की इंजिनाला फारसे कष्ट नसतात. उतारावर तर ते चक्क आराम करतं. होडीला उतार मिळतच नाही. पाणी तिला सतत मागे रेटत असतं. म्हणजे होडीतलं इंजिन निघाल्यापासून पोचेपर्यंत जणू खंडाळ्याचा घाटच चढत असतं! त्यामुळे बोटीसाठी बसवताना इंजिनाची पूर्ण ताकद सहसा वापरायला देत नाहीत. थोडी राखून ठेवली, की ते जास्त टिकतं.

आता जरा भूतकाळात जाऊ. सन १८८६. जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन बनवलं होतं. त्याच वर्षी त्यांनी ते घोडागाडीत बसवलं आणि नेकार नदीवरच्या होडीतही! पण लोक पेट्रोलला घाबरायचे. म्हणून डाइमलरने होडीवर तारा आणि चिनी मातीचे विजेचे खुंटे लावून ठेवले. लोकांना वाटावं, की होडी विजेवर चालते!

लोकांची भीती अगदीच खोटी नव्हती बरं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून निघून जाते, पण होडीचा तळ वाडग्यासारखा बंद. वाफ तिथेच साचते आणि एक ठिणगी पुरते. मासेमारीच्या मोठ्या बोटी डिझेल पसंत करतात, त्याचं हे एक कारण. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो आणि डिझेलची वाफही सहजासहजी होत नाही.

आणि थायलंडमध्ये? तिथे तर कमालच करतात. गाडीचं किंवा ट्रकचं जुनं इंजिन होडीच्या मागच्या टोकावर, उघड्यावर, फिरत्या खुंटीवर बसवतात. त्याला एक लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. सुकाणू नाहीच. नावाडी मूठ धरून अख्खं इंजिनच वळवतो! थांबायचं असेल, तर मूठ खाली दाबतो, पंखा पाण्याबाहेर येतो. या होडीला म्हणतात ‘रुआ हांग याओ’, म्हणजे लांब शेपटीची होडी.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी धक्क्यावर गेलात, की आधी होडीची चूळ शोधा. धार जोरात पडतेय? मग आतलं इंजिन मजेत घाट चढतंय. आणि हातातली प्लास्टिकची पिशवी? ती तेवढी पाण्यात नको, घरी न्या.