पाकोळीचे घर

मुलांनो, संध्याकाळी घाटकोपर किंवा अंधेरीच्या आकाशात वेगाने गिरक्या घेणारे लहान काळे पक्षी तुम्ही पाहिले असतील. मराठीत त्यांना पाकोळ्या म्हणतात. उर्दूत अशा पक्ष्यांना आपण अबाबील म्हणतो. जुन्या इमारतींच्या छज्जांखाली त्या गवत व पिसे लाळेने चिकटवून घरटी बांधतात. त्यांच्याच कुळातील एक पाकोळी समुद्रातल्या गुहेत राहते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात खडकाळ बेटांचा समूह आहे. त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. पावसाळ्यात तेथे होडीने जाणे फार कठीण असते. या बेटांवर सुरय हे समुद्रपक्षी अंडी घालतात. तेथील अंधाऱ्या गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. भारताचा पश्चिम व दक्षिण भाग आणि श्रीलंका एवढ्याच प्रदेशात ही पाकोळी आढळते.

ही पाकोळी चिमणीहूनही लहान व तपकिरी रंगाची असते. तिचे पाय आखूड असल्यामुळे तिला फांदीवर बसता येत नाही. ती खडकाला लटकून राहते. दिवसभर ती उडता उडताच कीटक पकडून खाते. गुहेतील अंधारात ती ‘टिक टिक’ असा आवाज काढते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट ओळखते.

तिचे घरटे अर्ध्या वाटीसारखे असते. तिची चिकट लाळ वाळली, की घट्ट होते. लाळेचे थर एकावर एक देत, त्यात शेवाळ व पिसे मिसळून ती घरटे तयार करते आणि त्यात दोन पांढरी अंडी घालते.

हेच घरटे तिच्या जिवावर उठले. चीन व आग्नेय आशियात पाकोळ्यांच्या घरट्यांचे सूप आवडीने पितात. त्यामुळे घरट्यांना मोठी किंमत येते. २००१ साली वेंगुर्ला रॉक्सवरील घरट्यांची चोरी उघडकीस आली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने या पक्ष्याच्या रक्षणासाठी काम केले.

घरटे ओरबाडले, की अंडी व पिल्लेही नष्ट होतात. पाकोळीला पुन्हा पहिल्यापासून लाळ गाळावी लागते. सारी वसाहत एकाच गुहेत असल्यामुळे थोडी माणसेही थोड्या वेळात फार मोठी हानी करू शकतात. समुद्राने या पाकोळीला मांजरापासून वाचवले. पण होडी घेऊन येणाऱ्या माणसापासून तिला माणूसच वाचवू शकतो.

तुमच्या इमारतीच्या छज्जाखाली पाकोळीचे घरटे दिसले, तर ते पाडू नका. पिल्ले उडून जाईपर्यंत ते तसेच राहू द्या.