उस्तादाच्या हाताखाली

वसमतची हळद भरून ट्रक निघतो, तेव्हा स्टिअरिंगवर उस्ताद असतो आणि दाराशी लटकलेला क्लीनर. हिंगोलीकडे ट्रक शिकायची जुनी शाळा हीच. चाकाला दगड लावायचा, 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडायचे; मग एखाद्या रात्री रिकामी गाडी हाती मिळायची. उस्ताद माया करतो, शिव्याही देतो. पण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायलाही तोच शिकवतो! भरलेली गाडी गिअरमध्येच उतरवावी, नुसत्या ब्रेकवर ड्रम तापतात नि ऐनवेळी ब्रेक लागत नाही, हे सांगायला वर्गच हवा.

कायद्याने वय वीस हवे, हलक्या वाहनाचा परवाना आधी वर्षभर हवा, वर ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र. आठवी पासची अटही होती. शाळा सोडूनच क्लीनर झालेल्या पोराने ती आठवी आणायची कुठून? २०१९ मध्ये अट गेली, बरे झाले. फी आणि शिकताना बुडणारी मजुरी मात्र राहिली.

बँकेत असताना ट्रकची कितीतरी कर्जे मी मंजूर केली. जामीनदार, विमा, परमिट, सारे तपासले. गाडी चालवणारा शिकला कुठे, हे एकदाही विचारले नाही.