आवाज मोठा, पण शब्द हरवलेले

नव्या घरात राहायला आलो त्या वर्षी मोठ्या मुलाने आपल्या पहिल्या काही पगारांतून अब्बांसाठी स्पीकरचा संच आणला. छातीएवढ्या उंचीच्या दोन पेट्या, खाली रंगीत दिवे, खोक्यावर वॉटचे भले मोठे आकडे. अब्बांचे वय पंच्याहत्तरच्या पुढे. दिवसभरात त्यांचे ऐकणे दोन-तीनच गोष्टींचे: सकाळी तिलावत, संध्याकाळी बातम्या आणि मन झाले तर एखादी जुनी गझल. संच सुरू झाला तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या. पोरे खूश झाली. अब्बा थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, “बेटा, आवाज येतो, पण शब्द येत नाहीत.”

आम्ही आवाज वाढवला, तसे शब्द आणखी पुसट झाले. दुकानदाराने संच बदलून दिला, तरी फरक पडला नाही. एके दिवशी सहज एक पेटी जुन्या घरातल्या माळवदाच्या खोलीत लावून पाहिली. तोच स्पीकर, तीच तिलावत, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. अब्बा म्हणाले, “हा तर बोलतो की!” बिघाड यंत्रात नाही, हे तेव्हा कळले. मग तो होता कुठे? ते शोधताना चांगला स्पीकर कसा घडतो आणि लोक त्यासाठी लाखो रुपये का मोजतात, हेही थोडेफार समजले. घरोघरी असे संच येत असतात, म्हणून ते इथे मांडत आहे.

गाणारी पेटी आणि गप्प पेटी

मिरजेचे तंबोरे आणि सतारी आपल्या सर्वांना अभिमानाच्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच या मंडळींचे नाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढा भागातला मोठा भोपळा लागतो. तो नीट वाळलेला, हलका आणि गुंजणारा हवा. तार छेडली की भोपळा आणि लाकूड दोन्ही गातात. तंबोऱ्याचा गोडवा त्यातच आहे.

स्पीकरची पेटीही लाकडाचीच, पण तिचे काम बरोबर उलटे. गाणे गायकाने गायलेले आहे, तंबोरा त्याच्यामागे वाजून झाला आहे. स्पीकरने त्यात आपला सूर मिसळायचा नाही. त्याची पेटी गुंजू लागली, तर प्रत्येक आवाजात तोच एक ‘भुम्म’ मिसळतो. मग गायक कोणीही असो, वाचणारा कोणीही असो, सगळे एकाच मडक्यातून बोलल्यासारखे वाटतात. वाद्याला स्वतःचा आवाज हवा, स्पीकरला नको. उंची स्पीकरवरचा बराचसा खर्च होतो तो या गप्प बसण्यावर.

आत काय असते

स्पीकरच्या पाठीमागे चुंबक असते. त्याच्या खाचेत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, अधांतरी बसवलेली असते आणि तिला कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. गाण्याची वीज कॉइलमधून गेली की ती पुढे-मागे हलते, पडदा हवेला ढकलतो आणि आपल्याला ऐकू येते. अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये हा आराखडा मांडला. आज शंभर वर्षांनीही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

अडचण अशी की माणसाचा कान साधारण २० ते २०,००० कंपने ऐकतो. २० कंपनांची लाट १७ मीटर लांब असते, २०,००० कंपनांची पावणेदोन सेंटिमीटरसुद्धा नसते. ढोल आणि पैंजण एकाच पडद्याने तितकेच चांगले वाजवणे अवघड. म्हणून खर्जासाठी मोठा वूफर आणि बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर लावतात. ट्वीटरचा पडदा पुष्कळदा रेशमी कापडाचा असतो. कोणता आवाज कोणाकडे पाठवायचा हे ठरवणाऱ्या जोडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. माणसाच्या आवाजाची वाटणी बऱ्याचदा इथेच होते. जोडणी स्वस्तातली असेल तर एकाच शब्दाचा अर्धा भाग एका पडद्यातून पुढे येतो आणि अर्धा मागे पडतो. चांगला कारागीर या सांध्यावर महिनोन्महिने घालवतो.

पेटीचे गणित

पडदा पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी नसेल तर मागची लाट वळून पुढे येते आणि समोरच्या लाटेला मारते. अशाने खर्ज नाहीसाच होतो. म्हणून मागची लाट कोंडायला पेटी लागते. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून छोट्या पेटीतून खोल खर्ज काढला. पण कोणत्या पडद्याला किती मोठी पेटी, हे बराच काळ अंदाजानेच चालत असे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते सूत्रात बसवले. पडद्याचे वजन, त्याचा ताठपणा, चुंबकाची ताकद अशी मोजकी मापे घेतली की पेटी किती लिटरची हवी हे आज कागदावर काढता येते.

भिंतींची गोष्ट वेगळी. चांगल्या पेटीला १८ ते २५ मिलिमीटर जाडीची फळी असते, आत आडवे टेके असतात आणि लोकर किंवा फेस भरलेला असतो. दुकानात गेलात तर पेटीच्या कुशीवर बोटाच्या सांध्याने टकटक करून पहा. माठ घेताना खणखणीत वाजणारा घेतो, इथे उलटे. ‘ठक्’ असा मेलेला आवाज आला तर पेटी चांगली. पोकळ घुमली तर ती वाचणाऱ्याच्या आवाजातही तशीच घुमणार.

आणि वॉटच्या आकड्यांनी दबून जाऊ नका. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद सुमारे दहापट लागते. घरगुती स्पीकरला एक वॉट दिला तरी एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो आणि आपले सहज बोलणे असते ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी बातम्या ऐकताना एक वॉटसुद्धा पुरा लागत नाही. खोक्यावरचे ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट हा विक्रीचा आकडा आहे, त्याचे ठरलेले माप नाही.

कॅनडातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात स्पीकर आडोशामागे ठेवून लोकांना ऐकवले. नाव, किंमत, आकार काहीच दिसत नव्हते. तेव्हा वेगवेगळ्या माणसांची पसंती बरीच जुळली आणि ती गेली सरळ, स्वच्छ, कोणताही सूर न वाढवणाऱ्या स्पीकरकडे.

शेवटचा भाग आपल्या घरात

आमच्या घरची गाठ सुटली ती पुढच्या गोष्टीने. अमेरिकेतील अमर बोस हे बंगालमधून गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव. १९५६ मध्ये त्यांनी मापांवरून निवडून एक महागडा संच घेतला आणि घरी लावल्यावर निराश झाले. कागदावर सगळे उत्तम, कानाला मात्र बरे नाही. सभागृहात कानावर येणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून येतो, हे त्यांनी अभ्यासाने दाखवले. १९६८ च्या त्यांच्या स्पीकरमध्ये नऊ पडदे होते. त्यांतला एकच समोर तोंड करून होता, आठ मागच्या भिंतीकडे.

आपल्या पुण्यातही केडन्स या नावाने अशा उंची दर्जाचे स्पीकर बनले आणि परदेशापर्यंत गेले. त्यांत वूफर नेहमीचा असतो, पण वरच्या आवाजासाठी केसाहूनही पातळ फिल्म जाळीदार पत्र्यांच्या मध्ये ताणलेली असते आणि मोठ्या विद्युतदाबाने ती हलते. पडदा इतका हलका की बारीकसारीक आवाजही सुटत नाही. पण अशी उघडी फिल्म पुढे जितका आवाज टाकते तितकाच मागेही टाकते. तो संच भिंतीला चिकटवून ठेवला तर सगळी किंमत वाया. म्हणजे लाखोंचा संच असो की हजारांचा, त्याचा शेवटचा भाग कारखान्यात बनत नाही. तो म्हणजे आपली खोली.

आपल्या भागातली किती तरी कुटुंबे विजापूरचा गोलघुमट पाहून आली असतील. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या घुमटाखाली एक टाळी वाजवा, ती पुन्हा पुन्हा परत येते. गंमत वाटते, पण तिथे उभे राहून कोणाला लांबून बातमी वाचून दाखवा, एक वाक्य कळणार नाही. गुळगुळीत फरशी, सिमेंटचा गिलावा, वर सपाट स्लॅब आणि मोजके सामान असलेल्या आमच्या नव्या हॉलमध्ये असाच छोटा गोलघुमट बसला होता.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये असेच घडले होते. नव्या व्याख्यानगृहात शिक्षकाचे शब्द कळेनात, एकेक आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून आत मांडल्या, घड्याळ लावून मोजले आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात. त्याने आमच्या हॉलचा हिशेब केला. पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच अशी रिकामी, कोरी खोली धरली तर आवाज तीन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. जाड गालिचा, गाद्या-गोधड्या, पडदे असे बारा-तेरा चौरस मीटर शोषणारे सामान वाढले की तोच काळ पाऊण सेकंदाच्या आत येतो.

माळवदाची खोली का बोलत होती, तेही उलगडले. मातीने लिंपलेल्या भिंती, लाकडी तुळया आणि फळ्या, सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याची पोती, वळचणीला गोधड्यांची थप्पी. आवाज भिंतीवर आदळला तरी थोडाच परत येई. पण हे वाचून कोणी माळवदाकडे परतू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या त्याच जड भिंतींनी आणि छपरांनी हजारो माणसे गाडली. त्यानंतर आपल्या लातूर-धाराशिवकडे पक्की, हलक्या छताची घरे वाढली ती त्या दुःखातून. घर पक्केच हवे, फक्त त्याला थोडे मऊपण द्यायला हवे.

उतारवयाचे कान

वयाबरोबर आधी बारीक आवाज ऐकू येणे कमी होते. शब्दाचा जोर स्वरात असतो, पण ओळख असते व्यंजनात. ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ यांच्यातला फरक पहिल्या अक्षरातच. ‘स’, ‘श’, ‘त’ ही हलकी अक्षरे बारीक आवाजात राहतात. आधीच त्यांच्यावर वयाची धूळ, त्यात वूफरचा गडगडाट आणि खोलीचा घुमारा. आवाज वाढवला की वाढतो तो घुमारा. घरातले म्हणतात, अब्बांना ऐकू येत नाही. अब्बा हळूहळू बोलणेच कमी करतात. आमच्याकडे हे सुरू झाले होते, ते आम्हाला उशिरा कळले.

मोठा संच पोरांच्या खोलीत गेला. अब्बांच्या खुर्चीशेजारी, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल अशा तिपाईवर एक लहान पण चांगल्या पेटीचा स्पीकर ठेवला. चार मीटरवरचा स्पीकर एक मीटरवर आणला की कानावर थेट येणारा आवाज सोळापट ताकदीचा होतो आणि खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. तो भिंतीपासून दोन हात पुढे काढला, कारण कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. फरशीवर गालिचा आला, खिडक्यांना जाड पडदे. समोरच्या भिंतीवर अम्मीने शिवलेली जाड गोधडी चार बोटे अंतर सोडून टांगली. नुसती पातळ सतरंजी लावली तर फक्त बारीक आवाज शोषला जातो, म्हणून जाडी आणि मागची जागा दोन्ही हवे. आणि अब्बांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडेही नेले, तेही राहायला नको होते.

सगळा खर्च पहिल्या संचाच्या निम्म्याहून कमी आला. त्या संध्याकाळी बातम्या लागल्या. अब्बा मधेच हसले आणि नातवाला म्हणाले, “पावसाचा अंदाज सांगतोय. ऐकलंस का तू?” तो मोबाइलमध्ये होता, त्याने ऐकलेच नव्हते. अब्बांनीच त्याला सगळी बातमी पुन्हा सांगितली.