चार इंचांतली शर्यत

अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या शर्यती भरवते. तिच्या 'व्हिंटेज' गटाचा नियम दोन वाक्यांत मावतो. गाडीची घडण १९७४ पर्यंतची हवी. पुढचा चिमटा सात इंचांपेक्षा आणि मागचं चाक चार इंचांपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. आजच्या मोटोक्रॉस गाडीला दोन्हीकडे बारा इंचांच्या आसपास मिळतात, यावरून त्या चार इंचांची तंगी कळावी.

नवखा माणूस गाडी निवडताना आधी हॉर्सपॉवर विचारतो. कागदावर तो आकडा बरा दिसतो, पण मैदानावर वेगळंच घडतं. वळणातून बाहेर पडण्याच्या जागी चाकांनी माती उकरून ओळीने खड्डे पडलेले असतात. त्यांवरून जाताना मागचे शॉकअॅब्सॉर्बर चार इंच दबतात आणि संपतात, मग चाक उसळून हवेत जातं. हवेत अडवायला काहीच नसल्याने इंजिन भसकन वर चढतं. तेच चाक भरधाव फिरत जमिनीला टेकलं की चेनला हिसका बसतो आणि गाडीची मागची बाजू आडवी सरकते. ताकद जितकी अचानक येणारी, तितका हिसका मोठा. उरलेलं सस्पेन्शन म्हणजे स्वाराचे गुडघे. बराचसा ट्रॅक तो फूटरेस्टवर उभा राहूनच काढतो. अशा गाडीला खालपासून एकसारखं ओढणारं, न बिथरणारं इंजिन लागतं आणि पीळ न पडणारी फ्रेम लागते. माझा कौल आधीच सांगून टाकतो: पहिल्यांदा उतरणाऱ्याने चेकोस्लोव्हाकियाची सीझेड घ्यावी.

सीझेड, इंग्लंडची बीएसए आणि स्वीडनची हुस्कवार्ना या गटातल्या तीन मोठ्या गाड्या, आणि तिन्ही घराण्यांचं मूळ शस्त्रांच्या कारखान्यात आहे. बीएसए म्हणजे तर सरळसरळ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. रॉयल एनफिल्डच्या बिल्ल्यावरची तोफ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, तेव्हा याचं नवल वाटायला नको. नवल पुढेच आहे. बीएसएचं नाव २०१६ साली महिंद्र समूहाने विकत घेतलं आणि हुस्कवार्नाच्या रस्त्यावरच्या काही गाड्या बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होतात. अर्थात त्या नव्या गाड्यांत जुन्याचं नाव तेवढं आहे.

जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसी गटाचं विश्वविजेतेपद बीएसएवर मिळवलं. मग कंपनीला वजन कमी करण्याचा ध्यास लागला आणि १९६६ साठी टायटॅनियमची फ्रेम आली. गाडी हलकी झाली खरी, पण फ्रेम लवत होती. तडा गेला तर मैदानावर ती जोडायची सोय नव्हती, कारण टायटॅनियमच्या वेल्डिंगला आर्गॉन वायूचं आवरण लागतं. विजेतेपद गेलं ते गेलंच. आज खासगी स्वाराच्या हाती लागते ती ४४१ सीसीची व्हिक्टर किंवा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ४९९ सीसीची बी-५०. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. मधल्या मोकळ्या क्षणात टायरला माती धरायला उसंत मिळते, म्हणून घसरड्या चढावर ही गाडी भल्याभल्यांना मागे टाकते. पण ती जड आहे. दुसरं म्हणजे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. जुनी बुलेट चालवलेल्याला ते अंगवळणी असतं; बाकीच्यांचा पाय घाईच्या वेळी गिअर शोधताना ब्रेकवर पडतो. आणि शर्यतीच्या मध्यात तापलेलं इंजिन बंद पडलं, तर पिस्टन नेमक्या जागी आणून किक मारेपर्यंत अर्धी रांग पुढे निघून जाते.

बीएसएचं राज्य ज्याने संपवलं तो पूर्व जर्मनीचा पॉल फ्रिडरिक्स. १९६६ साली टू-स्ट्रोक गाडीवर ५०० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकणारा तो पहिला. गाडी सीझेड, आणि तीही ३६० सीसीचीच. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला. २५० सीसीमध्ये बेल्जियमचा जोएल रोबेर वयाच्या विसाव्या वर्षी, १९६४ साली, सीझेडवरच विश्वविजेता झाला आणि १९६८, १९६९ साली पुन्हा. व्यायाम-सराव यांचा त्याला मनस्वी कंटाळा होता म्हणतात. तसं असेल तर गाडीचं श्रेय आणखी वाढतं.

सीझेडचं इंजिन पाहिलं की जावा-येझदीवर हात काळे केलेल्या माणसाला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. जावा आणि सीझेड हे दोन्ही कारखाने युद्धानंतर सरकारी झाले, एका छत्राखाली आले आणि त्यांच्या गाड्यांची घडण एकमेकींत मिसळली. म्हैसूरच्या आयडियल जावाने तीच जातकुळी आपल्याकडे आणली. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हे पाहून लोक बुचकळ्यात पडत. साठच्या दशकातल्या मोटोक्रॉस सीझेडलाही तसंच आहे. एका सिलिंडरला धूर बाहेर पडायच्या दोन वाटा आणि दोन्ही बाजूंना एकेक फुगीर नळी. नंतर ती एकच झाली, आणि आज शर्यतीत बहुतेक ही एकनळीच दिसते.

तिचा खरा गुण ताकद देण्याच्या पद्धतीत आहे. खालच्या वेगातही थ्रॉटल उघडला की ती कुरकुर न करता ओढते, आणि एकदम अंगावर येत नाही. चिमटा तिच्या काळाच्या मानाने दणकट. उणिवा आहेत, त्याही ठरलेल्या. गिअर चारच. यिकॉव्हचा मूळ कार्बोरेटर लहरी, तो काढून बहुतेक जण मिकुनी किंवा बिंग बसवतात. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं की सकाळी प्लग बदलत बसायची पाळी येत नाही. एवढं केल्यावर ती गाडी सोसते. वाईट उडी, वाईट मिश्रण आणि वाईट स्वार, तिन्ही.

हुस्कवार्ना तिच्यापेक्षा चपळ आहे, हे मान्यच करायला हवं. टॉर्स्टेन हालमनने तिच्यावर २५० सीसीची चार विश्वविजेतेपदं मिळवली आणि १९६६ साली अमेरिकेत जाऊन तिथल्या स्वारांना मोटोक्रॉस म्हणजे काय ते दाखवलं. 'ऑन एनी संडे' या १९७१ च्या माहितीपटात हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन तिच्यावर बसला. लाल टाकी आणि तिच्या क्रोमच्या बाजू आजही डोळ्यांत भरतात. त्या मॅक्वीनपायी तिच्या किमती मात्र चढ्या राहिल्या. ज्याला वेगात गाडी हलक्या हाताने ठेवता येते त्याने ती घ्यावी. जर्मनीची मायको वळणात या सर्वांहून सरस. पुढचं चाक आखल्यासारखं जातं. तिच्या मोडतोडीवरून मात्र स्वारांनी तिला 'मायको-ब्रेको' म्हणायला सुरुवात केली, ती काही उगाच नव्हे. मायको घेणाऱ्याने घरात लेथ नाहीतर जवळचा लेथवाला मित्र ठेवावा.

जपानी गाड्यांनी हा सगळा खेळ उलटवला. १९७३ ची होंडा एल्सिनोर २५० दुकानातून आणून थेट शर्यतीला उतरवता येई. त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेचं २५० सीसीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ज्यांना गाडी खोलण्यात रस नाही, फक्त चालवायची आहे, त्यांनी माझा सीझेडचा सल्ला सोडून हिच्याकडे जावं. सुझुकीच्या टीएम-४०० पासून मात्र लांब राहावं. तिची ताकद आधी झोपलेली असते आणि मग एकदम उसळते. वर सांगितलेल्या हिसक्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. याच सुझुकीने रोजर डी कोस्टरला पाच विश्वविजेतेपदं दिली, पण त्याची गाडी कारखान्यात खास बनवलेली होती. दुकानातल्या टीएममध्ये तिचं रूप तेवढं उतरलं.

यामाहाने तर चार इंचांचं युगच संपवलं. लिएजच्या लुसिएन टिल्केन्सने मागचे दोन शॉकअॅब्सॉर्बर काढून टाकीखाली एकच आडवा बसवला. १९७३ साली हाकान अँडरसन त्या गाडीवर २५० सीसीचा विश्वविजेता झाला आणि १९७५ मध्ये ती सामान्य ग्राहकाला मिळू लागली. मागच्या चाकाला इतकी मोकळीक मिळाल्यावर जुन्या गाड्या तिच्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं. म्हणून तिला पुढच्या काळाच्या वेगळ्या गटात पाठवतात. दोन शॉकवाल्या उशिराच्या गाड्यांसाठी 'ट्विनशॉक' गट असतो. १९८१ ची मायको ४९० ही तिथली लाडकी.

'व्हिंटेज' गटाच्या नियमात 'तशाच घडणीची' अशी एक सवलत आहे. गाडी १९७४ नंतरची असली तरी रचना तीच राहिली असेल तर चालते. इंग्लंडमध्ये याचं टोक दिसतं. रिकमन बंधूंच्या मेटिस फ्रेम तिथे नव्याने बनतात, त्यात जुनं इंजिन बसतं आणि गाडी १९६५ पूर्वीच्या गटात उतरते. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. चाळीस-पन्नास वर्षं शर्यतीत धावलेल्या गाडीत मूळ भाग तसेही किती उरलेले असतात?

पैसे मोजकेच असतील तर आधी नवे शॉकअॅब्सॉर्बर घ्यावेत, मग चाकांचे स्पोक आणि ब्रेकशू, मग कार्बोरेटर. फ्रेमचे सांधे, विशेषतः चिमटा बसतो तिथला गळा, रंग खरवडून तपासावेत, कारण तडे रंगाखालीच लपतात. इंजिन शेवटी. पोर्ट कोरून चार हॉर्सपॉवर वाढवून देणारे कारागीर सगळीकडे भेटतात आणि बहुतेक गिऱ्हाईकं त्यांच्याकडेच पहिली जातात.