उन्हाळा, मोटार आणि स्वस्त टायर

शाळांना सुटी लागली कीं घरोघरच्या मोटारी गांवाकडे निघतात. फराळाचे डबे दोनदां मोजले जातात; पण ज्या चार टायरांवर सारें कुटुंब विसंबून असतें, त्यांच्याकडे वांकून पाहणारा विरळाच. मीही त्यांतलाच होतों. २०२२ सालीं निम्म्या किंमतींत मिळाले म्हणून तुकतुकीत ‘नवे’ टायर मीं हौसेनें घेतले. पुढल्या वैशाखांत जेजुरीच्या वाटेवर त्यांतला एक फुटला. मागल्या आसनावर नात झोंपली होती, देवानें राखलें. मागाहून टायरच्या बाजूवरील अंक वाचले, तेव्हां कळलें कीं विकत घेतांनाच तो माल जवळजवळ सात वर्षांचा होता!

हे अंक वाचणें कठीण नाहीं. बहुधा एका लंबगोलांत चार अंक उठविलेले असतात. एका बाजूस न दिसल्यास दुसरी पाहावी. ४०१५ म्हणजे २०१५ सालचा चाळिसावा आठवडा. रबर न वापरतांही वयानें कडक होतें व त्यास भेगा पडतात.

दुसरी ओळ मापाची. १८५/६५ आर १५ यांत रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेंकडा ६५ आणि आंतील चाकाचा व्यास १५ इंच. पुढें ८८ एच असेल, तर तो टायर ५६० किलो भार व ताशीं २१० किलोमीटर वेग सोसण्याजोगा. गाडीच्या कारखानदारानें नेमलेल्याहून कमी भाराचा टायर फुकट मिळाला तरी घेऊं नये.

जर्मनीसारख्या देशांत उन्हाळ्याचे व हिंवाळ्याचे टायर निरनिराळे ठेवतात. आपणांस मात्र एकाच संचावर वैशाखाचें ऊन आणि आषाढाचा पाऊस निभवावा लागतो. म्हणून खांचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या, म्हणजे खांचांतील खुणेच्या उंचवट्यांशीं रबर समपातळींत आलें, कीं टायर बदलावाच.

उन्हाळ्यांत हवा कमी भरावी, असा एक समज आहे. तो घातक आहे. या मापाच्या चाकाचा घेर सुमारें दोन मीटर. ताशीं ८० किलोमीटर वेगानें तें मिनिटांत ६५० हून अधिक वेळां फिरतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत टायर दबून पुन्हा पूर्ववत् होतो. हवा कमी असली कीं तो अधिक दबतो, व त्यामुळेंच अधिक तापतो. यास्तव चालकाच्या दाराजवळ लिहिलेल्या प्रमाणांत, चाकें थंड असतांना, हवा भरावी. तापलेल्या टायरांतून ती सोडूं नये.

राहिला पैशाचा हिशेब. समजा, ४,००० रुपयांचा टायर २५,००० किलोमीटर टिकला, तर किलोमीटरला १६ पैसे पडले. ५,००० रुपयांचा ४०,००० टिकला, तर साडेबारा पैसेच. तेव्हां स्वस्त कोणता, हें दुकानाच्या पाटीवरून ठरवूं नये. तारीख, माप, भार वाचून मगच पैसे मोजावे. हा धडा मीं उशिरां गिरविला; आपण तो निघण्यापूर्वींच गिरवावा.