घरदुरुस्तीचा कंत्राटदार

गळक्या गच्चीच्या दुरुस्तीसाठी तीन कंत्राटदारांचे अंदाज मागविले, की दृष्टी प्रथम शेवटच्या आकड्याकडे जाते. तो आकडा क्षणभर झाकून ठेवावा. जुना कोबा उखडून राडारोडा वाहून नेण्याचा खर्च कोणाचा? गिलाव्यात सिमेंट व वाळू यांचे प्रमाण १:४ की १:६? नवे काम निदान ७ दिवस पाणी मारून ओले राखणार काय? स्वस्त अंदाजात नेमक्या याच बाबी मोघम असतात. पुढे ‘जादा काम’ म्हणून त्यांची वसुली होते. त्याने पूर्वी केलेली, दोन पावसाळे सोसलेली गच्ची स्वतः पाहून यावी. शिवाय शेकडा १० रक्कम पहिला पावसाळा सरल्यावरच देण्याचे करारात लिहून घ्यावे. याला जो बिचकेल, त्याचा आपल्याच कोब्यावर भरवसा नाही, असे मी तरी समजेन.